वीज नाही, मशीन नाही, पाणी मोजकं: कपडे हाताने धुवायची माझी पद्धत

ग्रीड सोडून, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेशिवाय, राहायला लागल्यावर पहिल्याच महिन्यात एकदा मी पावसात सापडलो आणि माझ्या खांद्यांवर फेस आला. खरंच फेस, गंमत नाही करत. अंगातला शर्ट आदल्या दिवशी मीच धुतलेला, मशीनमध्ये टाकायचो तेवढीच पावडर अंदाजाने बादलीत टाकून, वाळल्यावर तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता आणि मानेला खाजत होता पण मला वाटलं हाताने धुतल्यावर असंच होत असेल. मग सर आली, मी घराकडे पळत सुटलो, आणि दारात पोचेपर्यंत बगलेतून पांढरे बुडबुडे निघत होते. बायको हसून हसून खाली बसली.

त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. मळ काढणं सोपं असतं हो, नीट भिजवलं की अर्धा मळ आपणहून सुटतो. खरी मेहनत आपणच टाकलेला साबण परत बाहेर काढायला लागते, तेही डोक्यावरून वाहून आणलेल्या पाण्यात. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने आहे, त्यामुळे घासण्याबद्दल कमी आणि पिळण्याबद्दल जास्त सापडेल.

आधी पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलो होतो पण दोन बादल्या उचलून चढ चढल्यावर ते खांद्याला कळतं. मी एका वेळी साधारण दोन किलो सुके कपडे धुतो, म्हणजे तीन-चार शर्ट, एक पँट, आतले कपडे, एखादा टॉवेल, आणि त्याला वीस-बावीस लिटर पाणी पुरवतो. आठवड्याचा ढीग साठवून एकदम धुवायच्या भानगडीत पडू नका. एक तर कंबर जाते, दुसरं म्हणजे तेवढं वाळत घालायला दोरी पुरत नाही, आणि तिसरं म्हणजे दुपारनंतर आभाळ आलं की सगळं एकाच वेळी ओलं घरात. एक दिवसाआड थोडं थोडं बरं पडतं.

आणि सगळ्यात स्वस्त धुणं म्हणजे न धुणं, हे कुणी स्पष्ट सांगत नाही म्हणून मी सांगतो. बाहेरचा शर्ट संध्याकाळी काढला की खुंटीला चुरगाळून अडकवायचा नाही, उलटा करून रात्रभर वाऱ्यावर टाकायचा. आत एक पातळ बनियन घातला की घाम त्याच्यात जातो आणि धुवायला फक्त बनियन निघतो. कामाचे कपडे वेगळे ठेवा, मळखाऊ रंगाचे, आणि ते चार दिवस तेच घाला, झाडांना आणि लाकडांना काही फरक पडत नाही. आतले कपडे, मोजे, आणि तोंड पुसायचं फडकं यांच्या बाबतीत मात्र आळस नको.

आता भिजवणं. चिखल असेल तर भिजवायच्या आधी तो पूर्ण वाळू द्या आणि कोरड्या ब्रशने झटका, ओला चिखल घासला की धाग्यात आणखी आत जातो. तेलाचा डाग असेल तर पाणी लागायच्या आधी कोरड्या कपड्यावरच भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब चोळून पाच-दहा मिनिटं ठेवा. रक्ताला कायम गार पाणी, गरम टाकलंत तर त्यातलं प्रथिन शिजून डाग पक्का बसतो आणि मग तो आयुष्यभर तुमच्याबरोबर राहतो. गंजाच्या डागाला लिंबू चोळून उन्हात ठेवायचं आणि नीट धुवून टाकायचं, पण आधी आतल्या शिवणीवर करून बघा, काही रंग लिंबाने उतरतात. बाकी साधा घाम आणि धूळ असेल तर नुसत्या साबणाच्या पाण्यात अर्धा-एक तास. घाईत पाच मिनिटं भिजवून तासभर घासण्यापेक्षा हे केव्हाही परवडतं, तेवढ्या वेळात लाकडं फोडून होतात. रात्रभर भिजत ठेवायचा मोह होतो पण उष्ण हवेत सकाळी बादली आंबल्यासारखी वास मारते आणि तो वास कपड्यातून जाता जात नाही. रंग जाणारा कपडा तर भिजवायचाच नाही, एकट्याला झटपट धुवून काढायचा.

साबण किती? मी दहा लिटर पाण्याला पावडरचा एक सपाट मोठा चमचा टाकतो, बस. पाण्यात हात घातल्यावर जरा बुळबुळीत लागलं आणि थोडा फेस दिसला की झालं. बादलीभर फेस बघून समाधान वाटतं पण फेस मळ काढत नाही, फेस फक्त पुढच्या दोन बादल्या पाणी खातो. कॉलर, कफ आणि बगल एवढ्या तीन जागांना वडी घेऊन थेट लावा, बाकी कपड्याला वेगळा साबण कशाला.

पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील, तर वडीचा साबण फुटतो, वर पांढरी-करडी साय धरते आणि ती साय कपड्याला चिकटून पांढरे कपडे कळकट दिसायला लागतात. लोक मग आणखी साबण घालतात आणि आणखी साय होते. अशा वेळी साबणाच्या आधी पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून घ्या, तो क्षारांना खाली बसवतो आणि मग साबण आपलं काम करतो. पावडर डिटर्जंटला हा त्रास कमी. आणि पावसाचं पाणी साठवायची सोय असेल तर धुण्यासाठी त्याच्यासारखं दुसरं पाणी नाही, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. मी पांढरे कपडे त्याच्यासाठी राखून ठेवतो.

साबण संपला तर? राखेचं पाणी चालतं. चुलीतली पांढरी राख, फक्त लाकडाची, प्लास्टिक किंवा छापील कागद जाळलेली नको, चाळून घ्यायची, बादलीत पाणी घालून रात्रभर ठेवायची आणि सकाळी वरचं निवळ पाणी फडक्यातून गाळायचं. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते पाणी बोटांना बुळबुळीत लागतं आणि चांगलंच तीव्र असतं, म्हणून हातमोजे घाला, डोळ्यात जाऊ देऊ नका, अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, भांडं खाल्लं जातं. हे फक्त सुती कपड्यांना. लोकर आणि रेशीम यांचा यात सत्यानाश होतो. त्यांना रिठा बरा, मूठभर टरफलं बिया काढून भिजवायची, कुस्करायची आणि गाळून घ्यायची. पाण्याला जरा पिवळसर झाक असते म्हणून पांढऱ्यासाठी मी वापरत नाही, आणि करून ठेवलं तर दोन-तीन दिवसांत खराब होतं, लागेल तेवढंच करावं.

धुण्याचा क्रम एकच लक्षात ठेवा, एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरं आणि कमी मळलेलं, मग रंगीत, मग कामाचे कपडे, आणि शेवटी पायपुसणं. पाणी काळं होत जातं तसे कपडेही काळे होत जातात, कुणाचं नुकसान नाही.

घासायला दगड, ब्रश, खरखरीत फळी, जे असेल ते. पण सगळा कपडा घासत बसू नका, झिजतो. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे रबरी प्लंजर, हो, तुंबलेलं टॉयलेट मोकळं करायचा असतो तोच, अर्थात नवा कोरा आणि फक्त धुण्यासाठी ठेवलेला. त्याच्या रबरी वाटीला पाच-सहा भोकं पाडायची, नाहीतर तो तळाला चिकटून बसतो आणि उपसताना बादलीच उचलली जाते. बादलीत कपडे सुटे राहतील एवढेच टाकायचे, वर झाकण लावून त्याला मधोमध दांडा जाईल एवढं भोक, म्हणजे अंगावर पाणी उडत नाही. पाच मिनिटं वर-खाली, पाच मिनिटं आराम, परत पाच मिनिटं. पाणी कपड्याच्या आरपार जोरात गेलं पाहिजे, मशीनही दुसरं काही करत नाही. ठासून भरलेल्या बादलीत पाणी कुठून जाणार, तिथे तुम्ही फक्त कपडे दाबताय.

आता येतो मुख्य भाग. साबणाच्या पाण्यातून कपडे काढले की लगेच चांगल्या पाण्यात बुचकळायचे नाहीत. आधी पिळायचे. का ते हिशोबाने सांगतो, मी एकदा कागदावर मांडलं तेव्हापासून कधी कंटाळा केला नाही. समजा पिळल्यावर कपड्यात दोन लिटर साबणाचं पाणी उरलंय आणि तुमच्याकडे बारा लिटर चांगलं पाणी आहे. सगळं बारा लिटर एकदम ओतून खळबळलंत आणि पिळलंत तर सातवा भाग साबण आत राहतो. तेच पाणी सहा-सहा लिटर करून दोनदा वापरलंत, मध्ये पिळून, तर सोळावा भाग. आणि चार-चार लिटर करून तीनदा वापरलंत तर फक्त सत्ताविसावा भाग. पाणी तेवढंच, साबण जवळजवळ चौपट कमी.

आता दुसरी बाजू बघा. पिळायचा आळस केला आणि कपड्यात दोनच्या जागी चार लिटर राहिलं, तर चार-चार लिटरने तीनदा खळबळूनही आठवा भाग आत राहतो. म्हणजे तीनदा वाकून, तीनदा पाणी बदलून, नीट पिळून एकदा खळबळल्याएवढंच पदरात पडलं, मेहनत मात्र तिप्पट. माझ्या शर्टाला फेस आला त्याचं कारण हेच. मी एकदाच बुचकळून, हलकं दाबून, थेट दोरीवर टाकला होता.

शेवटच्या खळबळण्याचं पाणी फेकू नका. ते जवळजवळ स्वच्छच असतं, पुढच्या खेपेचं साबणाचं पाणी त्याच्यातच करा. पाणी मागे मागे सरकवत न्यायचं, ताजं पाणी नेहमी सगळ्यात शेवटच्या धुण्याला.

पिळायच्या माझ्या तीन पद्धती आहेत. दोघं असाल तर चादर किंवा पँट लांब घडी करून एकाने एक टोक, दुसऱ्याने दुसरं, आणि उलट्या दिशेने पीळ द्यायचा, यात दोघांनी मागे रेलायचं, नुसत्या मनगटाने केलंत तर दुसऱ्या दिवशी चमचा उचलवत नाही. एकटे असाल तर गुळगुळीत खांबाला किंवा झाडाच्या साल नसलेल्या फांदीला कपड्याचा वेढा द्या, दोन्ही टोकं एकत्र धरून त्यात एक काठी अडकवा आणि काठी फिरवत जा. पहिल्यांदा करताना चेहरा बाजूला ठेवा, पाण्याची पिचकारी थेट डोळ्यात येते. बटणं आत घडीत गेली पाहिजेत, नाहीतर तुटून उडतात.

तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण ती बसून होते. दोन सारख्या मजबूत बादल्या घ्या, एकीच्या तळाला वीस-पंचवीस भोकं पाडा. भोकांची बादली दोन दगडांवर ठेवायची, खाली टब किंवा घमेलं, कपडे तिच्यात सारखे पसरून टाकायचे, दुसरी बादली वरून त्यांच्यावर बसवायची आणि तिच्यावर आपण बसायचं. आधी नुसतं टेकायचं, मग हळूहळू सगळा भार. खाली धार लागते, मग थेंब थेंब होते, मग उठून कपडे उलटेपालटे करून परत एकदा बसायचं. पीळ बसत नाही त्यामुळे इलॅस्टिक, विणलेले कपडे, टी-शर्ट सगळं यात सुखरूप राहतं. खाली जमलेलं पाणी परत वापरात. मी इथे बसून शेंगा सोलतो, चहा पितो, काहीही करतो. भोकांच्या कडा मात्र आतून घासून गुळगुळीत करा, माझा एक चांगला टी-शर्ट त्या कडांनी फाडलाय.

वाळत घालायच्या आधी प्रत्येक कपडा दोन्ही हातांनी धरून जोरात झटकायचा, फट् असा आवाज आला पाहिजे. इस्त्री नसलेल्या घरात तीच इस्त्री. दोरी आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर स्वच्छ चादरीच्या बरोबर मधोमध काळी रेघ उमटते आणि परत पहिल्यापासून. शर्ट खालच्या कडेला चिमटे लावून उलटा टांगायचा म्हणजे खांद्यावर शिंगं येत नाहीत. पँट कमरेला धरून, खिसे बाहेर काढून, दोन्ही बाजू वेगळ्या चिमट्यांनी, की आत वारा भरेल. उन्हापेक्षा वारा जास्त काम करतो, ढगाळ पण वाऱ्याच्या दिवशी कपडे कडक उन्हाच्या निवांत दिवसापेक्षा लवकर वाळलेले मी पाहिलेत. रंगीत कपडे उलटे करून किंवा सावलीत, पांढरे खुशाल उन्हात, ऊन त्यांना उजळ करतं. चिमटे नसतील तर दोन दोऱ्यांना एकमेकांभोवती पीळ देऊन ताणून बांधा आणि कपड्याचं टोक त्या पिळात खोचा, जोराच्या वाऱ्यातही सुटत नाही. आणि ओझ्याने दोरी मधे लोंबली की बेचक्याच्या काठीचा टेकू द्या.

कडाक्याच्या थंडीत कपडे दोरीवर गोठून फळीसारखे होतात, घाबरायचं कारण नाही. हवा कोरडी आणि वारा असेल तर त्यातला बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडून जातो, फक्त वेळ लागतो. गोठलेला कपडा वाकवू किंवा दुमडू नका, धागे तुटतात. संध्याकाळी तसाच उभा आत आणायचा, अर्ध्या तासात नरम पडतो, मग उरलेलं घरात वाळवायचं. घरात वाळवताना एवढं ध्यानात असू द्या की कपड्यातलं दोन लिटर पाणी आता घराच्या हवेत जाणार आहे, खिडकी थोडी उघडी नसेल तर भिंतीला बुरशी धरते. आणि शेगडी किंवा चुलीपासून कमीत कमी एक मीटर लांब, दोरी तुटली तर कपडे विस्तवावर पडणार नाहीत अशा जागी.

पूर्ण न वाळलेला कपडा घडी घालून ठेवला की कुबट वास येतो. हाताला थोडासा गार लागतोय म्हणजे अजून ओला आहे. कमरपट्टी, खिसे आणि शिवणी चाचपून बघा, बाकी पँट वाळते आणि तिथे ओल राहते.

लोकरीचं वेगळं आहे. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो, परत मोठा होत नाही. कोमट किंवा गार पाणी, पण धुवायचं आणि खळबळायचं दोन्ही सारखंच, फक्त वरून हलकं दाबायचं. पीळ नाही. कोरड्या टॉवेलवर पसरून गुंडाळी करायची, त्यावर गुडघे टेकून दाबायचं, मग सपाट जागी पसरून वाळवायचं. टांगला तर पाण्याच्या वजनाने गुडघ्यापर्यंत येतो.

ब्लँकेट आणि जाड चादरी हाताने धुवायच्या नादाला लागू नका, मोठ्या टबात टाकून पायाने तुडवा. लहान मुलं असतील तर त्यांना फुकटचा खेळ, फक्त टबाच्या बाहेर पाय ठेवताना कुणीतरी हात धरा, साबणाच्या पायांनी घसरायला होतं.

घरात कुणाला उलटी-जुलाब असतील तर ते कपडे वेगळे, शेवटी, आणि निदान साठ अंशांच्या गरम पाण्यात, म्हणजे हात घालवणार नाही एवढं, काठीने ढवळायचे. सुती असतील तर सरळ उकळा. भिजवायच्या आधी ते झटकू नका. ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा अमोनियावालं काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो.

मळकं पाणी ओढ्यात, तळ्यात, झऱ्यात कधीच नाही, साबणावर निसर्गात आपोआप विघटित होणारा असं लिहिलेलं असलं तरी नाही, कारण तो पाण्यात पडून सहज संपत नाही, त्याला माती लागते. पाण्याच्या काठापासून साठेक मीटर लांब जाऊन, म्हणजे सत्तर-ऐंशी पावलं, पसरून ओतायचं आणि दर वेळी जागा बदलायची. झाडांना घालणार असाल तर मोठ्या झाडांच्या बुंध्याशी, कच्च्या खायच्या भाज्यांना नको. सोडा वापरलेलं पाणी रोज एकाच ठिकाणी ओतलं की माती घट्ट होते आणि तिच्यात पाणी मुरेनासं होतं, आणि बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, वापरत असाल तर ते पाणी झाडांपासून दूरच, त्यातलं बोरॉन मुळांना मारक ठरतं. लंगोटांचं आणि आजारपणाच्या कपड्यांचं पाणी बागेत अजिबात नाही. कुठलंही मळकं पाणी एका दिवसापेक्षा जास्त साठवू नका, सडतं, डास होतात आणि वास तर विचारूच नका.

राहिले हात. रोज साबणात हात घातले की बोटांच्या पेरांना भेगा पडतात आणि मग लिंबू-सोडा लागला की ब्रह्मांड आठवतं. हातमोजे असतील तर घाला, नसतील तर धुणं झाल्यावर हात साध्या पाण्याने धुवून, ओलसर असतानाच तेल चोळा. मी तेलाची छोटी बाटली चिमट्यांच्या डब्यातच ठेवतो, घरात ठेवली तर आठवतच नाही.